शब्दचर्चा: 'डच्चू' की 'हातचा'?

निवडुंगकाका: मी अमेरिकेत फिनिक्सजवळ राहतो आणि लॉस एंजेलिसच्या डॉजर्स या बेसबॉल संघाचा पक्का वेडा आहे. मार्च आला की शनिवार-रविवार ग्लेनडेलच्या कॅमलबॅक रँचवर सराव सामने बघत, हिरवळीवर चादर टाकून पडलेलो असतो. भावाला पुण्यात हे सगळं मराठीतून कळवायला बसलो की गाडी एकाच शब्दापाशी अडते: 'ऑप्शन'.

2025च्या मार्चमध्ये डॉजर्सनी कोरियाहून आणलेल्या हेसाँग किमला ऑप्शन केलं, म्हणजे ओक्लाहोमा सिटीच्या ट्रिपल-ए, म्हणजे एक पायरी खालच्या संघात पाठवलं. संघ टोकियोला शिकागो कब्ज या संघाविरुद्ध खेळायला गेला, किम मागे राहिला. मी लिहिलं, 'किमला डच्चू'. भावाचा लगेच फोन, "अरे, एवढे पैसे मोजून आणला आणि काढूनही टाकला?" पण काढला कुठे होता! तो संघाने हक्क राखलेल्या 40 जणांच्या यादीत होताच, फक्त मैदानात उतरणाऱ्या 26 जणांत नव्हता. त्याला दुसरा कोणी उचलूही शकत नव्हता. आपले डच्चू, नारळ, वगळणे हे सगळे शब्द दार बंद करणारे आहेत. दार लोटून घेतलंय, कडी घातलेली नाही, याला काय म्हणायचं?

फाईलबहाद्दर: काका, सरकारी मराठीत आहे की. प्रतिनियुक्ती! माणूस दुसरीकडे, धारणाधिकार मूळ खात्यात.

निवडुंगकाका: धारणाधिकार अगदी चपखल. पण प्रतिनियुक्तीवर लोक हौसेने जातात हो. इथे कोचच्या खोलीतून बाहेर येणाऱ्याचा चेहरा बघवत नाही.

सातबारा: संघ खेळाडू सोडून देतो त्या 'वेव्हर'ला मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे. हक्कसोड! जमिनीसाठी बहिणींकडून लिहून घेतात तेच. संघाने हक्क सोडला, आता बाकीच्यांनी दावा लावावा.

निवडुंगकाका: वा! आणि दाव्यात पहिला मान तळातल्या संघाचा. त्याआधीची एक पायरी असते. खेळाडूला 40च्या यादीतून उतरवतात आणि सात दिवसांत त्याला विकायचं की हक्क सोडायचा ते ठरवतात. डॉजर्सच्या रायन ब्रेझियरचं 2025च्या जानेवारीअखेर असंच झालं. नव्याने घेतलेल्या कर्बी येट्सला जागा हवी म्हणून हा उतरला, आणि आठवड्याच्या आत कब्जकडे गेला.

सातबारा: त्रिशंकू.

निवडुंगकाका: घेतला.

शाळामास्तर: मुदतीचं काय? ऑप्शन कितीही वेळा करता येतं का?

निवडुंगकाका: साधारण तीन मोसम. वर्षात एकूण 20 दिवसांपेक्षा कमी खाली राहिला तर ते वर्ष खर्ची पडत नाही. 2022पासून एका मोसमात पाचदाच पाठवता येतं. तिन्ही संपले की संघाची पंचाईत. खाली पाठवायचं तर आधी हक्कसोड, म्हणजे दुसऱ्याने पळवण्याची भीती. म्हणून मार्चअखेर यादी बघताना मी सरासरी नंतर बघतो. कोणाचे ऑप्शन संपलेत ते आधी. साधारण खेळणारा राहतो आणि चांगला खेळणारा पोरगा खाली जातो, त्याचं कारण बहुतेकदा तिथेच सापडतं.

शाळामास्तर: मग 'हातचा' म्हणा. हातचा राखून ठेवला. तिन्ही हातचे संपले.

फाईलबहाद्दर: मास्तर, बेरजेतला हातचा वरच्या घरात जातो, हा खाली चाललाय!

शाळामास्तर: जातो, पण आधी बाजूला थांबतो.

निवडुंगकाका: किम थांबलाच की. टॉमी एडमन जखमी झाला आणि 3 मेला किमला वर बोलावलं. मास्तर, शब्द तुमचा.

एक राहिलंच. 40च्या यादीत नसताना नुसत्या सरावाला बोलावलेले खेळाडू असतात, पाठीवर 80-90च्या घरातले आकडे. त्यांना मी 'पाहुणे' लिहीत होतो.

सातबारा: पाहुण्याला कोणी पारखत नाही. 'उमेदवार' लिहा. मतपत्रिकेवरचा नव्हे, जुन्या अर्थाचा. नेमणूक होईल या आशेवर कचेरीत फुकट राबणारा.

निवडुंगकाका: परवा सातव्या डावानंतर असा एक 87 नंबरचा उतरला. तोवर निम्मी हिरवळ उठून पार्किंगकडे निघाली होती. तो मात्र पहिल्या बेसकडे असा धावला की टोपी मागे पडली. उमेदवारच.