मदत हवी आहे: वडिलांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन पुढं ढकलत चाललंय, नळीवर किती दिवस काढता येतात?

कोरडवाहू | 24 मे 2021

मंडळी, गंगाखेड तालुक्यातून लिहितोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

अण्णांची (वय 68) लघवी फेब्रुवारीत एका रात्री पूर्ण तुंबली. तालुक्याला नेऊन नळी टाकली, सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलेली निघाली. टॅमसुलोसिनच्या गोळ्या चालू करून नळी काढून बघितली, तर संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच. सर्जन म्हणाले, दुर्बिणीतून ऑपरेशन करावं लागेल. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मार्चअखेरची तारीख मिळाली. आमचं रेशनकार्ड पांढरं, पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सातबाऱ्यावर योजना लागू होते हे तिथल्या आरोग्यमित्रानं (दवाखान्यात योजनेचं काम बघणारा माणूस) सांगितलं. नाहीतर आम्ही दारातूनच माघारी फिरलो असतो.

मग दुसरी लाट आली. वॉर्ड कोविडला गेले, भूलतज्ज्ञ आयसीयूत. आधी 'एप्रिलात बघू', मग 'कमी झाल्यावर फोन करा'. आता पेशंट कमी व्हायलेत तर थिएटरला म्युकरवाल्यांची (काळ्या बुरशीच्या पेशंटची) रांग. ज्याचा डोळा जायची पाळी आलीय त्याला मागं ठेवा आणि अण्णांना घ्या, असं कोणत्या तोंडानं म्हणावं? दवाखान्यावर राग नाही. पण फोनवर 'तुमचं तातडीचं नाही' ऐकलं की डोकं फिरतं. अण्णांनी पारावर जाणं सोडलंय. लघवीची पिशवी धोतराच्या सोग्यात झाकून ओसरीवर बसतात, कुणी आलं की उठून आत.

त्यात एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात घरात सगळ्यांनाच कोविड झाला. अण्णांना ताप-खोकल्यावर निभावलं, ॲडमिट करावं लागलं नाही.

आता परभणीत एक खासगी डॉक्टर पुढच्याच आठवड्यात करून देतो म्हणतात, 70 हजार, योजना नाही. पेरणी तोंडावर आहे, बियाणं-खताचे पैसे त्यात जातील. जमवूही, पण कोविडनंतर इतक्या लवकर भूल देणं बरं का? की नळीवरच अजून महिना-दोन महिने काढावेत? आणि योजनेतलं ऑपरेशन दुसऱ्या गावच्या दवाखान्यात करता येतं का?

---

गुंगीवाला

मी भूलतज्ज्ञ आहे, सध्या मीही कोविड आयसीयूतच. पुढचा आठवडा नको. मार्चमध्ये 116 देशांतल्या 1,40,000 हून जास्त पेशंटचा अभ्यास छापून आलाय. कोविड झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत ज्यांची ऑपरेशनं झाली, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण स्पष्ट जास्त होतं. सात आठवड्यांनी ते इतरांच्या बरोबरीला आलं, मात्र दम लागणं वगैरे त्रास शिल्लक नसेल तरच. नुसता आरटीपीसीआर निगेटिव्ह आला म्हणजे छाती पूर्वीसारखी झाली असं नसतं. तुमच्या हिशेबानं जूनचा दुसरा आठवडा उजाडेल.

या ऑपरेशनला बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन भूल देतात. म्हणून कोविडच्या वेळी रक्त पातळ होण्याच्या गोळ्या दिल्या असतील तर ती चिठ्ठी न विसरता दाखवा. हे लोक सांगत नाहीत आणि आम्हाला टेबलावर कळतं.

---

मांजराकाठ

सिस्टर आहे, या नळ्या रोज बघते. आधी नळी कसली आहे ते विचारा. साधी पिवळसर लॅटेक्सची असेल तर दोन ते चार आठवड्यांत बदलायची, पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते. सिलिकॉनची महाग असते, पण दवाखान्याच्या चकरा वाचतात. त्यामुळं वाट बघता येते, फक्त नीट बघायची.

पिशवी कायम कमरेच्या खाली असावी, जमिनीवर टेकू नये. खाटेवर अंगाशेजारी ठेवतात, ते चूक. पिशवीतली लघवी उलटी आत जाते. पाणी भरपूर प्यायला द्या. वृद्ध माणसं पिशवी भरते म्हणून पाणीच पीत नाहीत, तिथं लक्ष ठेवा. नळी ओढून काढू नका, आत फुगा फुगवलेला असतो. लघवी गढूळ दिसली की मेडिकलवरून अँटिबायोटिक आणणंही नको.

थंडी वाजून ताप, रक्ताच्या गाठी, किंवा पिशवीत थेंब नाही आणि ओटीपोट ताठ, यातलं काही झालं तर मात्र ऑपरेशनच्या तारखेची वाट न बघता रात्रीतसुद्धा निघा. 108 ला फोन करा.

---

बालाघाट

योजना एका दवाखान्याला बांधलेली नसते. यादीतल्या कोणत्याही अंगीकृत दवाखान्यात, ते ऑपरेशन तिथं होत असेल तर करता येतं, जिल्हा कोणताही असो. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत (2021 ची मर्यादा). 155388 वर फोन करून परभणी, नांदेड, लातूरकडचे मूत्रविकाराचे दवाखाने विचारून घ्या. पण आधी जुन्या दवाखान्याच्या आरोग्यमित्राला गाठून पहिल्या मंजुरीचं काय झालं ते विचारा, तिकडं अडकून बसलेली असली तर दुसरीकडं खोळंबा होईल. सातबारा ताजा काढा. आणि फोनवर नको, समोर जाऊन बोला. फोनवर सगळे 'बघू' म्हणतात.

---

कोरडवाहू

तिघांचे आभार. पिशवी आम्ही खाटेवरच ठेवत होतो, आज खालच्या दांडीला अडकवली. खासगी डॉक्टरांना जूनच्या दुसऱ्या आठवड्याआधी नको म्हणून कळवलं. ते थोडे नाराज झाले, होऊ द्या. 155388 वर नांदेडच्या एका दवाखान्याचं नाव मिळालंय, पण आधी आरोग्यमित्राला गाठायचंय, परवा जातो.

एक राहिलं. सिलिकॉनची नळी गंगाखेडात मिळाली नाही, परभणीत बघणार आहे. तिचा (जाडीचा) नंबर जुन्या नळीवर लिहिलेला असतो का, की डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यावी लागेल? आणि गंगाखेड-पालम भागात घरी येऊन नळी बदलणारं कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.