उत्तर: [मदत] आईचं आधार लॉक, हयातीचा दाखला अडलाय

गौरी (सध्या नागपूर)

मंडळी, अमेरिकेतून आईकडे नागपूरला आलेय. तातडीचं आहे म्हणून थेट आपल्या यादीवर लिहितेय.

आईच्या फॅमिली पेन्शनचा हयातीचा दाखला निघत नाहीये. पोस्टमनदादा मशीन घेऊन घरी आले, अंगठा लावला की एरर 330. बोटं झिजलीत म्हणून असेल असं वाटलं, मग त्यांनी चेहऱ्यानं करून पाहिलं. तिथेही 330. गेल्या वर्षीच्या आपल्या फसवणुकीवरच्या वेबिनारनंतर माझ्या भावाने, सागरने, आईचं बायोमेट्रिक लॉक केलं होतं, म्हणजे तिचा अंगठा-चेहरा आधारवर कुणालाच वापरता येऊ नये म्हणून. तेच हे. तेव्हा ओटीपी बाबांच्या मोबाइलवर आला होता. बाबा गेल्यावर ते सिम कुणी रिचार्ज केलं नाही. आता लॉक उघडायला ओटीपी हवा आणि नंबर आपला नाही.

नोव्हेंबर संपत आलाय, माझं विमान पुढच्या शुक्रवारी. नागपुरात हे कुणी निस्तरलंय का? आणि बजाजनगर-लक्ष्मीनगरकडे असं आधार केंद्र आहे का, जिथे पहाटे जाऊन टोकनला उभं राहावं लागत नाही?

पराग, एडिसन

गौरी, चेहऱ्याचं ऑथेंटिकेशन करून बघ. आमच्या आईचं खामल्याला घरबसल्या झालं, कुठे जायचं कामच नाही. पोस्टमन सत्तर रुपये घेतो, तेही वाचले.

नीलिमा, कार्यक्रम समिती

वेबिनारचा उल्लेख आला म्हणून लिहिते. "लॉक करा" हे आम्ही सांगितलं, पण "आधी आधारला कोणता नंबर जोडलाय ते तपासा" हेही सांगितलं होतं. स्लाइड सगळ्यांना पाठवल्या आहेत. आधारच्या साइटवर व्हेरिफाय केलं की जोडलेल्या नंबरचे शेवटचे तीन आकडे दिसतात, हे त्यातच होतं. खरेदीखतावरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवायचे आणि त्यावर आधारने पैसे काढायचे, अशा केसेस झाल्या आहेत. तेव्हा लॉक करणं चुकलं असा सूर नको, एवढंच.

गौरी

नीलिमाताई, सूर वगैरे काही नाही हो. पराग, मेल परत वाच.

नवीन भानगड: बाबांचा नंबर सहज लावून पाहिला. मौद्याचा एक मुलगा बोलला. म्हणे, "ताई, हे सिम मी नवीनच घेतलं. मला तुमच्या बँकेचे मेसेज येऊन राहिले, पेन्शन जमा झाली म्हणून." पोरगा सरळ वाटला, रक्कमसुद्धा वाचून दाखवली त्याने. पण पोटात गोळाच आला.

श्रीकांत, यादी व्यवस्थापक

विषयात [मदत] लिहिल्याबद्दल आभार, बाकीच्यांनीही लिहावं. गौरीच्या आईंचे खाते क्रमांक, आधार क्रमांक, फोटो काहीही इथे टाकू नका. या यादीवर चारशेच्या वर लोक आहेत आणि सगळ्यांना मी ओळखत नाही.

संक्रांतीच्या तिळगुळाचा धागा वेगळा आहे. कृपया तिथेच लिहा.

बाळकाका, धरमपेठ

गौरी, आधी श्वास घे. एकेक गाठ सोडवू.

दाखल्यासाठी आधारच पाहिजे असं कुणी सांगितलं? तुझे बाबा राज्य सरकारचे, सिंचन खात्यातले. राज्याच्या पेन्शनरांची यादी कोषागारातून बँकेत येते. 1 ते 30 नोव्हेंबरात शाखेत जाऊन त्या यादीत नावापुढे सही केली की झालं. पोस्टमन, अंगठा, चेहरा ही सोय आहे, सक्ती नाही. काउंटरवरचा पोरगा "आधार करून आणा" म्हणेल, त्याला यादी काढायला सांग. मी बँकेत आयुष्य घालवलं, यादी कुठल्या कपाटात असते तेही सांगतो.

दुसरं, तो मौद्याचा मुलगा. सिम बंद पडल्यावर नव्वद दिवस थांबून कंपनी तो नंबर दुसऱ्याला देऊ शकते, त्यात त्याचा काही गुन्हा नाही. पण आज तुझ्या आईचं खातं आणि आधार यांच्या चाव्या त्याच्या खिशात आहेत. दाखल्याच्या आधी हे कर. शाखेत अर्ज देऊन बँकेतला नंबर बदल, आईच्या सहीने, कागदावर. मग आधार केंद्रात आईला घेऊन जा. मोबाइल बदलायला पंचाहत्तर रुपये, पावती जपून ठेव. नवा नंबर आईचाच पाहिजे, आईच्या उशाशी राहणाऱ्या फोनचा. तुझा नको, सागरचा नको.

आणि लॉक कायमचं काढू नका. नंबर आला की तात्पुरतं उघडता येतं, दहा मिनिटांत ते आपोआप परत लागतं. म्हणून पोस्टमन दारात आल्यावरच उघडायचं. तो यायच्या आधी उघडून बसलात, तर तो चपला काढेपर्यंत परत लागलेलं असतं.

मीनल, प्लेन्सबरो

आधार वगैरे ठीक आहे, पण खरी भीती फोनची आहे. माझ्या प्रतापनगरच्या मावशीला व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अरेस्ट" करून ठेवलं होतं. खाकी गणवेश, मागे अशोकस्तंभ, सगळं साग्रसंगीत. "तुमच्या नावाने पार्सल पकडलंय, फोन ठेवायचा नाही, कुणाला सांगायचं नाही." मावशी स्वयंपाकघरात फोन कुकरला टेकवून पोळ्या लाटत होती, कारण काकांची जेवायची वेळ झाली होती. कामवाली आली, तिने पाहिलं आणि फोनच बंद केला. नाहीतर एफडी मोडायला मावशी निघालीच होती. असा काही प्रकार कायद्यातच नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं. मावशीने तो कार्यक्रम ऐकलाही होता!

पराग, एडिसन

मीनल, पैसे गेले असते तर 1930, भारतातली सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. जितक्या लवकर फोन तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडकवून धरायची शक्यता जास्त. पण तो नंबर तिथूनच लावायचा. आपण इथून सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार टाकायची.

मनोज, प्रिन्स्टन

आणि इथलं काय? आपलं क्रेडिट फ्रीझ, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येऊ नये म्हणून क्रेडिटची नोंद बंद ठेवणं, किती जणांनी केलंय? एक्विफॅक्स, एक्स्पेरियन, ट्रान्सयुनियन, तिन्हीकडे वेगवेगळं करावं लागतं. 2018 पासून फुकट आहे. आई-बाबांना शहाणपण शिकवण्याआधी हे करा.

गौरी

मनोजदादा, धागा माझ्या आईच्या अंगठ्याचा आहे.

काका, तुम्ही म्हणालात तेच करते. पण आज दुपारी आईला फोन आला, "कोषागारातून बोलतोय, तुमचा दाखला अडलाय, पेन्शन बंद होईल, ओटीपी सांगा." दाखला अडलाय हे त्यांना कसं कळलं? आई म्हणाली, "मुलगी घरी आहे, तिला देते," तर तिकडून फोन ठेवला.

बाळकाका, धरमपेठ

त्यांना काही कळलेलं नाही. नोव्हेंबरात कुठल्याही सत्तरीच्या माणसाला "दाखला अडलाय" म्हटलं की दहातल्या चौघांचा अडलेलाच असतो. कोषागार फोन करून ओटीपी मागत नाही. त्यांच्याकडे आपण गेलो तर ते आपल्याशी बोलत नाहीत, ते फोन काऊन करतील!

आता सगळ्यांसाठी लिहितो, राग मानू नका. आमच्या बिल्डिंगमध्ये सात-आठ घरं अशी आहेत की पोरं अमेरिकेत आणि आईबाप इथे. संध्याकाळी पायऱ्यांवर ऐकू येतं, "हां बेटा, सहा... दोन... नऊ..." लाइटबिल, गॅस, टॅक्स, सगळं पोरं तिकडून लॉगिन करतात आणि आई फोनवर ओटीपी वाचून दाखवते. तिकडे तुमचं काम होतं, इकडे आईला सवय लागते, की घाईतल्या आवाजाने आकडे विचारले की चष्मा लावायचा आणि वाचायचे. चोराला तिला काही नवीन शिकवावं लागत नाही. वेबिनारमध्ये "ओटीपी कुणाला सांगू नका" आणि रात्री "आई, ओटीपी सांग लवकर, टाइमआउट होईल", यातलं तिने कोणतं खरं धरायचं?

सागर, प्लेन्सबरो

काका, आदरपूर्वक, पण हे एकतर्फी आहे. मी इथे बसून आईचं लाइटबिल कसं भरू? तिला ॲप जमत नाही. बाबा गेल्यावर पासबुक भरून आणायलाही कुणी नाही. गौरी वर्षातून एकदा येते, बाकीचे अकरा महिने मी बघतो. लॉकसुद्धा मीच केलं, कारण कुणीतरी करायला हवं होतं.

नीलिमा, कार्यक्रम समिती

सागरशी सहमत. शिवाय काका, वेबिनारमध्ये "घरचा परवलीचा शब्द ठरवा" असंही सांगितलं होतं. म्हणजे पोरगाच बोलतोय की आवाजाची नक्कल, हे आईला कळतं.

बाळकाका, धरमपेठ

परवलीचा शब्द चांगला, पण फोनवर आकडे वाचायची सवय त्याने जात नाही.

सागर, तू करतोस हे सगळ्यांना दिसतं, त्यावर वाद नाही. पण लाइटबिलाला आईचं लॉगिन काऊन लागतं? महावितरणचा ग्राहक क्रमांक टाक आणि तुझ्या एनआरओ खात्यातून, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांच्या इथल्या खात्यातून, भर. 2023 पासून तुमच्या अमेरिकेच्या नंबरवरसुद्धा एनआरई-एनआरओ खात्याला यूपीआय जोडता येतं. पैसे तुझे, ओटीपी तुझा, आई झोपली असली तरी चालतं. गॅसही तसाच. राहिली एफडी आणि बँकेची कामं. ती कागदावर, शाखेत, आईच्या सहीने होऊ दे. मी नेतो तिला रिक्षाने, आमचं बोलणंही होतं. आणि पेन्शनच्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतंच ठेवा. बाकीचं दुसऱ्या बँकेत, जिथे नेटबँकिंगच घेतलेलं नाही.

मीनल, प्लेन्सबरो

हे शेवटचं मावशीला लगेच सांगते.

गौरी

झालं काम. काका अकराला शाखेत हजर होते. काउंटरवरच्या मुलीने अपेक्षेप्रमाणे "आधार से कर लो ना आंटी" म्हटलं. काका शांतपणे म्हणाले, "बेटा, कोषागाराची यादी काढा." यादी खरंच कपाटातून निघाली. आईचं नाव बाबांच्या नावासकट छापलेलं. आईने सही केली, वरून "पेन हलका आहे तुमचा" असंही सांगितलं. नंबर बदलायचा अर्ज तिथेच दिला. मेसेज आईच्या फोनवर आला तेव्हा आम्ही बर्डीवर संत्रा बर्फी घेत होतो.

आधार केंद्रात मात्र सकाळ गेली. नवा नंबर चढेपर्यंत थांबायला सांगितलंय, पावती आईच्या पर्समध्ये आहे. लॉक तसंच ठेवलंय. मौद्याच्या मुलाला फोन करून सांगितलं की मेसेज बंद होतील. तो म्हणाला, "बरं झालं ताई, माझी आई विचारत होती मला कोण पेन्शन देऊन राहिलं."

सागर, बाबांच्या नंबरवर अजून गॅस आणि एलआयसी आहे. गॅसचं मी इथून करून निघते. एलआयसीच्या पॉलिसी गोदरेजच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहेत, तो फॉर्म आई आणि काका ऑफिसात जाऊन देतील. लाइटबिल या महिन्यापासून तुझ्या खात्यातून जाऊ दे. आणि आईला ओटीपी विचारू नकोस. कुणालाही द्यायचा नाही, तुलासुद्धा, असं तिला सांगितलंय, आणि तिला ते फारच आवडलंय.