मदत हवी आहे: आवाक्यातल्या दरात आलिशान हॉटेल कसं शोधावं?

नमस्कार मंडळी,

दोघांसाठी सुट्टीचा बेत आखतो आहे. दोन रात्री एका मोठ्या शहरात आणि तीन रात्री समुद्रकिनारी रिसॉर्टमध्ये. तारखा आठवडाभर मागेपुढे करता येतील. मोठी आणि शांत खोली, चांगली गादी, हॉटेलातच नाश्ता आणि पोहायला तलाव एवढं हवंच. स्पा किंवा लाउंज नसलं तरी चालेल. अडचण अशी की एकाच खोलीचा एकाच रात्रीचा दर चार साइटवर चार वेगळे आकडे दाखवतो आणि पैसे भरायच्या पानावर तो आणखी वाढतो. तुलना नेमकी कशी करायची? आणि आधी काय ठरवायचं, हॉटेल की तारीख?

प्रतिसाद १

आधी वार ठरवा, मग हॉटेल. बिझनेस हॉटेलं सोमवार ते गुरुवार कंपन्यांच्या लोकांनी भरलेली असतात आणि शुक्रवार-शनिवारी रिकामी पडतात. रिसॉर्टचं गणित बरोबर उलटं. म्हणून तुमच्या पाच रात्री अशा लावा: शुक्रवार-शनिवार शहरात, रविवार-सोमवार-मंगळवार किनाऱ्यावर. रविवारची रात्र बहुतेक ठिकाणी सगळ्यात स्वस्त असते, कारण वीकेंडचे पाहुणे गेलेले असतात आणि कामाचे अजून यायचे असतात.

दोन अपवाद लक्षात ठेवा. शहरच पर्यटनाचं असेल तर तिथे वीकेंड महाग असतो. आणि एखादं मोठं प्रदर्शन, परिषद किंवा सामना असेल तर सगळे आडाखे चुकतात, त्यामुळे तिथल्या प्रदर्शन केंद्राचं वेळापत्रक आधी बघा. गूगलच्या हॉटेल शोधात तारखेवर टिचकी मारली की कॅलेंडरमध्ये रोजचे दर दिसतात. एखाद्या रात्री दर अचानक उसळलेला दिसला, तर तिथे काहीतरी कार्यक्रम आहे असं समजा.

हंगाम सुरू होण्याआधीचे आणि संपल्यानंतरचे दोन-तीन आठवडे किनाऱ्यासाठी उत्तम. ऐन मंदीत जाणार असाल तर मात्र तलाव, रेस्टॉरंट आणि लिफ्ट चालू आहे का हे ईमेलने विचारून घ्या. डागडुजीची कामं हॉटेलं याच काळात काढतात.

प्रतिसाद २

दर चार ठिकाणी वेगळा दिसतो कारण तो एकाच गोष्टीचा नसतो. कुणी कर धरून दाखवतं, कुणी न धरता. कुठे नाश्ता आत असतो, कुठे नाही. कुठे रद्द करायची मुभा असते, कुठे नसते. म्हणून प्रत्येक हॉटेलसाठी एकच आकडा काढा: सगळ्या रात्री, कर, रिसॉर्ट फी (तलाव, वायफाय अशा सोयींच्या नावाखाली दरावर लावलेलं सक्तीचं शुल्क), दोघांचा नाश्ता, पार्किंग आणि जायचं-यायचं भाडं मिळून एकूण किती.

समजा, अ हॉटेलची खोली १०० आणि ब हॉटेलची १३०. अ मध्ये रिसॉर्ट फी १०, नाश्ता माणशी १२ म्हणजे २४, आणि गावाबाहेर असल्याने टॅक्सी १५. झाले १४९. ब मध्ये नाश्ता धरलेला आहे आणि सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. म्हणजे खरं तर ब स्वस्त.

रिसॉर्ट फी अनेकदा हॉटेलात पोचल्यावर वेगळी घेतात आणि दराच्या पानावर खाली बारीक अक्षरात ती लिहिलेली असते. 'हॉटेलात देय' अशा ओळी शोधून वाचा. परदेशात कार्ड घासताना यंत्राने 'तुमच्या चलनात भरायचं का' विचारलं तर नाही म्हणा आणि तिथल्याच चलनात भरा. चलन बदलून देण्याचा दर ते स्वतः लावतात आणि तो जवळपास नेहमीच महाग पडतो.

मूळ प्रश्नकर्ता

वारांचं अगदी पटलं, तसंच करतो. परतावा न मिळणारा दर बराच कमी दिसतो आहे. तो घ्यावा का?

प्रतिसाद ३

आत्ता नको. रद्द करता येणारी खोली आजच धरून ठेवा आणि दर आठवड्याला त्याच तारखांचा दर पुन्हा बघा. उतरला की नवीन बुकिंग करा, त्याची पावती हातात आली की मगच जुनं रद्द करा. रद्द करायची मुदत हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार धरतात, या एका गोष्टीत बरेच जण फसतात.

प्राइसलाइन आणि हॉटवायर या बुकिंग साइटवर नाव झाकलेले सौदे मिळतात. भाग आणि तारे दिसतात, हॉटेलचं नाव पैसे भरल्यावर कळतं. शहरातल्या दोन रात्रींसाठी ठीक आहेत. पण पलंग एक मोठा की दोन छोटे याची हमी बहुधा नसते आणि पैसे परत मिळत नाहीत. किनाऱ्यासाठी घेऊ नका, तिथे खोली कुठल्या बाजूला आहे यावरच सगळा आनंद असतो.

प्रतिसाद ४

साखळी हॉटेल असेल तर तिच्या स्वतःच्या साइटवर फुकट सदस्य व्हा आणि सदस्य दर बघा. मॅरियट, हिल्टन, हयात यांच्या खोल्या बाहेरच्या साइटवरून घेतल्या तर सहसा पॉइंट मिळत नाहीत. बाहेर कमी दर दिसला तर 'बेस्ट रेट' हमीचा (सगळ्यात कमी दर आमच्याच साइटवर, अशी साखळीची हमी) दावा करा. मॅरियट दर जुळवून वर २५ टक्के सूट किंवा पॉइंट देते, पण बुकिंगनंतर २४ तासांच्या आत दावा करावा लागतो. तीच खोली, त्याच तारखा आणि रद्द करायच्या त्याच अटी हव्यात. यातलं एक जरी जुळलं नाही तरी दावा फेटाळतात. नाव झाकलेले सौदे चालत नाहीत.

रिसॉर्टसाठी व्हर्चुओसोसारख्या, आलिशान हॉटेलांशी जोडलेल्या एजंटांच्या जाळ्यातल्या ट्रॅव्हल एजंटला विचारा. बऱ्याच हॉटेलांत नेहमीच्या लवचीक (रद्द करता येणाऱ्या) दरातच दोघांचा नाश्ता, हॉटेलात खर्चायला काही रक्कम आणि जागा असेल तर वरच्या वर्गाची खोली मिळते. तीन रात्रींचा नाश्ता धरला तर हे साध्या सवलतीपेक्षा भारी पडू शकतं.

प्रतिसाद ५

ताऱ्यांवर विसंबू नका, जगभर एकच मोजमाप नाही. खोलीच्या नावावरही नाही: 'डिलक्स' किंवा 'सुपीरिअर' ही अनेक ठिकाणी सगळ्यात खालची पायरी असते. क्षेत्रफळ बघा. २५ चौरस मीटरच्या आतली खोली दोन मोठ्या बॅगांसह अडचणीची होते. 'पार्शल सी व्ह्यू' म्हणजे बाल्कनीच्या कोपऱ्यातून मान वळवून दिसणारा समुद्रही असू शकतो, तेव्हा पाहुण्यांनी काढलेले फोटो बघा. अभिप्राय नवे आधी लावा आणि त्यात 'आवाज', 'बांधकाम', 'वास', 'एसी' हे शब्द शोधा.

नुकतं उघडलेलं हॉटेल पहिल्या काही महिन्यांत बऱ्याचदा कमी दर ठेवतं. सेवा थोडी कच्ची असते, पण गाद्या आणि न्हाणीघरं कोरी करकरीत मिळतात. तुमच्या गरजांना हे चांगलं बसेल.

चेक-इनला डेबिट कार्ड देऊ नका. अनामत म्हणून ते रक्कम अडकवून ठेवतात आणि ती खात्यात मोकळी व्हायला बरेच दिवस लागू शकतात. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा शिल्लक ठेवून निघा.