शॉकनंतर रेघ गायब, सिंक आपोआप बंद: बोर्ड गेलाय का?

रामबागकर_इंदूर:
नमस्कार मंडळी. इथल्या एका नर्सिंग होमची उपकरणं बघतो. आयसीयूतला मॉनिटर-डिफिब्रिलेटर (ईसीजी दाखवणारं आणि हृदयाला शॉक देणारं मशीन) बायफेसिक आहे, म्हणजे शॉकची दिशा मधेच उलटते; पेसिंगसकट, म्हणजे छोटे पल्स देऊन ठोके चालवण्याची सोयही आहे. स्टाफच्या तीन तक्रारी:
१. शॉकनंतर लीड टूवर (छातीवरच्या वेगळ्या ईसीजी वायरींतून) रेघ वर जाऊन चिकटते, आठ-दहा सेकंद काही दिसत नाही. सोर्स ‘पॅड’ (शॉक देणारे चिकट पॅड) केला की लगेच दिसते.
२. सिंकमध्ये (ठोक्याशी वेळ जुळवून) शॉक दिला की सिंक आपोआप निघून जातं.
३. पेसिंग ‘डिमांड’वर (पेशंटचा ठोका नसेल तेव्हाच पल्स) असताना मधेच ‘फिक्स’वर (ठोके न बघता ठरलेल्या रेटनं पल्स) जातं.
ॲनालायझरवर (शॉक मोजणारं उपकरण) ५० ओहम लोडला २०० लावले की १९४ ज्यूल मिळतात. सर्व्हिसवाला मेन बोर्ड बदला म्हणतोय. बदलायचा का?

सर्किट_बडोदा:
बोर्डाला हात लावू नका. १९४ म्हणजे एनर्जी ठीक आहे, मर्यादा १५ टक्क्यांची असते. तुमची पहिली तक्रार मात्र नीट बघण्यासारखी आहे.

पॅडच्या त्याच दोन वायरींतून एकदा मिलिव्होल्टभर ईसीजी आत येतो आणि एकदा दीड-दोन हजार व्होल्ट बाहेर जातात. मधे रिले असतो. शॉकचं बटण दाबलं की ॲम्प्लिफायरचा इनपुट आधी तोडला किंवा क्लॅम्प केला (व्होल्टेज ठरावीक पातळीवर अडवलं) जातो, मग कॅपॅसिटर पेशंटवर जोडला जातो. दहा-वीस मिलिसेकंदांत पल्स संपतो आणि सगळं उलट क्रमानं जागेवर येतं. या वाटेवर शॉक कधी येणार हे मशीनला आधीच माहीत असतं. लीडच्या वायरी तशाच छातीवर लागलेल्या राहतात, त्यांना फक्त रेझिस्टर आणि क्लॅम्पचा आधार. म्हणून दोन्हींत फरक दिसतो.

आता आठ-दहा सेकंद का? आधी फिल्टर बघा. डायग्नोस्टिकवर खालची मर्यादा ०.०५ हर्ट्झ असते, तिचा टाइम कॉन्स्टंट (रेघ किती हळू उतरते त्याचं माप) साधारण ३.२ सेकंद. रेघ खाली उतरायला तीन टाइम कॉन्स्टंट धरा, झाले दहा सेकंद. मॉनिटर मोडला ०.५ हर्ट्झ असतं, तिथे सेकंदभरात रेघ येते. कुणीतरी बारा लीडचा प्रिंट काढून सेटिंग तसंच सोडलेलं असण्याची शक्यता मोठी.

त्यानंतर इलेक्ट्रोड. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचेच हवेत आणि तिन्ही एकाच पाकिटातले. स्टीलचा इलेक्ट्रोड शॉकनंतर पोलराइज होतो, म्हणजे त्यावर व्होल्टेज साठून राहतं. ॲम्प्लिफायर ३०० मिलिव्होल्टपर्यंतचा ऑफसेट (असं स्थिर व्होल्टेज) सोसतो, त्यावर गेला की रेघ सरळ. मे महिन्यातल्या तुमच्या कोरड्या हवेत उघडं पाकीट ठेवलं तर जेल वाळतं, हेही डोक्यात ठेवा.

शेवटी केबल. बऱ्याच मशीनच्या केबलमध्ये प्रत्येक लीडला १ किलोओहम सीरिजमध्ये असतो. कनेक्टरच्या पिनपासून स्नॅपपर्यंत (इलेक्ट्रोडला लागणारं बटण) मल्टिमीटरनं मोजा. काही कंपन्या हा रेझिस्टर मशीनच्या आत ठेवतात, म्हणून ओरिजिनल केबलशी ताडून बघा. ओरिजिनलमध्ये १ किलोओहम आणि दवा बाजारातून आणलेल्या बदलीत शून्य असेल, तर ती केबल डिफिब्रिलेटरजवळ वापरायची नाही. शॉकचा काही हिस्सा छातीऐवजी मॉनिटरच्या इनपुटमध्ये जातो.

आयसीयू_ताई:
दुसरी तक्रार बिघाड नव्हेच, मुद्दाम केलेली सोय आहे. सिंकमध्ये मशीन आर-वेव्ह (ईसीजीतली ठोक्याची टोकदार लाट) शोधतं आणि तिच्यानंतर ६० मिलिसेकंदांच्या आत शॉक सोडतं. डॉक्टर बर्नार्ड लाउननं १९६२ मध्ये हे आणलं ते टी-वेव्हवर (आर-वेव्हनंतरची लाट) शॉक पडून व्हीएफ (हृदयाची नुसती थरथर) होऊ नये म्हणून. पण कार्डिओव्हर्जननंतर (अशा सिंक शॉकनंतर) व्हीएफ झालंच, तर त्यात आर-वेव्ह नसते. सिंक चालूच राहिलं असतं तर बटण दाबून धरलं तरी मशीन वाट बघत बसलं असतं. म्हणून बरीच मशीन प्रत्येक शॉकनंतर सिंक सोडतात. दुसरा सिंक शॉक हवा असेल तर सिंक पुन्हा लावायचं आणि प्रत्येक आर-वेव्हवर मार्कर येतोय ना, ते पुन्हा बघायचं. टी उंच असेल आणि मार्कर तिच्यावर पडत असेल तर लीड बदला. बटण शॉक पडेपर्यंत सोडायचं नाही. नवी मुलं एकदा टिचकी मारतात आणि मशीन खराब म्हणतात.

काही मशीनच्या सेटअपमध्ये सिंक टिकवण्याचा पर्याय असतो. एका वॉर्डात एक असं, एक तसं ठेवू नका.

रामबागकर_इंदूर:
ताई, तिसऱ्याचं काय?

आयसीयू_ताई:
पेसिंगमध्ये पॅड करंट देण्यात गुंतलेले असतात, मशीनप्रमाणे २० किंवा ४० मिलिसेकंदांचा पल्स. त्यामुळे पेशंटचे स्वतःचे ठोके बघायला वेगळी तीन लीडची ईसीजी केबल लागते. लीड सुटली की मशीनला ठोके दिसत नाहीत, मग आंधळेपणानं ठरलेल्या रेटनं पल्स देत राहणं एवढंच उरतं. काही मशीन पेसिंग थांबवून अलार्म देतात, मॅन्युअलमध्ये बघून घ्या. इलेक्ट्रोड पॅडपासून लांब लावा, केस काढा, वायर बेडच्या कठड्यात अडकत नाही ना बघा.

आणि स्पाइक (पल्सची उभी खूण) दिसला म्हणजे कॅप्चर झाला, म्हणजे त्या पल्सनं हृदयाचा ठोका पडला, असं नाही. स्पाइकमागे रुंद क्यूआरएस (ठोक्याची मुख्य लाट) आणि टी हवी, शिवाय फिमोरल पल्स (जांघेतली नाडी) लागली पाहिजे. मानेवर नको, तिथे स्नायूंचे झटकेच हाताला लागतात. कॅप्चर ज्या करंटला आला त्यापेक्षा करंट ५ ते १० मिलिअँपिअर जास्त ठेवा.

रामबागकर_इंदूर:
फिल्टर डायग्नोस्टिकवरच होता. ०.५ ला आणल्यावर ॲनालायझरवर शॉक देऊन बघितलं, रेघ दीड सेकंदात परत येते. केबलमध्ये दोन लीड १ किलोओहम दाखवतात. उजव्या हाताची मात्र हलवली की आकडा उडतो.

सर्किट_बडोदा:
मग फिक्सवर जाण्याचं कारणही तीच वायर असणार. सिम्युलेटरवर (पेशंटसारखा ईसीजी देणारं उपकरण) ८० चा रेट लावा, डिमांड ६० वर ठेवा. पल्स यायलाच नको. आता ती वायर स्नॅपजवळ आणि कनेक्टरच्या गळ्याशी वाकवा. ‘लीड ऑफ’ येऊन पल्स सुरू झाले की जागा सापडली. केबल बदला, सोल्डर करत बसू नका. नवी लावल्यावर सिंक डिलेसुद्धा (आर-वेव्हपासून शॉकपर्यंतचा वेळ) ॲनालायझरवर वाचून नोंदवहीत लिहा.
आणखी एक: हे मशीन चालू केल्यावर सोर्स ‘पॅड’वर येतं की ‘लीड’वर, तेही बघा. पॅड लावलेले नसताना दिसणारी तुटक रेघ म्हणजे असिस्टोल (हृदय बंद पडणं) नव्हे. मशीनवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.