काबाल्गाता: मिरवणूक, दौड की स्वारी?

शब्दार्थी
कोलंबियातल्या एका शहराच्या उत्सवाची माहितीपत्रिका मराठीत आणायची आहे. तिच्यात ‘काबाल्गाता’ हा शब्द वारंवार येतो. कच्च्या मसुद्यात एका ठिकाणी ‘घोडदौड’, दुसऱ्या ठिकाणी ‘अश्वसंचलन’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘शर्यत’ असे झाले आहे. तिन्ही बरोबर असणे शक्य नाही. शिवाय घोड्यांच्या चालींची नावे आहेत: पासो फीनो, त्रोचा, त्रोते. यांना मराठीत काय म्हणावे?

पागा
‘शर्यत’ आधी काढा. काबाल्गातेत कोणी पहिला येत नाही आणि कोणी वेळ मोजत नाही. ‘घोडदौड’ही नको, कारण दौड म्हणजे धावणे, आणि शहरातल्या काबाल्गातेत घोडा दौडवणे हाच मोठा गुन्हा धरला जातो. ‘संचलन’ म्हटले की रांगा, हुकूम आणि सलामी डोळ्यांपुढे येते. इथे बहुतेक स्वार नागरिक असतात, गटागटाने चालतात आणि त्यांच्यात रांगेची शिस्त नसते.

मूळ इटालियन ‘कावाल्काता’, म्हणजे घोड्यावरून जाणे. स्पेनमध्ये या शब्दाचा अर्थ पसरला आहे. 5 जानेवारीच्या संध्याकाळी तिथे तीन राजांची काबाल्गाता निघते, तिच्यात सजवलेल्या गाड्या मुख्य असतात आणि घोडा नसला तरी चालतो. कोलंबियात मात्र घोडा किंवा खेचर नसेल तर काबाल्गाता नाही. चारपाच जण डोंगरात घोड्यावरून फिरायला गेले तरी तीही काबाल्गाताच. म्हणून संदर्भ पाहून दोन शब्द ठेवा: उत्सवातली ती ‘घोडेस्वारांची मिरवणूक’ आणि डोंगरातली ती ‘घोड्यावरची रपेट’. ‘रपेट’ हा शब्द आपल्याकडे चांगला रुळलेला आहे आणि इथे नेमका बसतो.

दर्यावर्दी
‘स्वारी’ का नको? राजाची स्वारी निघते तेव्हा ती मिरवणूकच असते.

पागा
असते, पण मान एकाचा आणि बाकीचे त्याच्या इतमामासाठी. शिवाय ‘स्वारी’चा दुसरा अर्थ मोहीम, चढाई. काबाल्गातेत मधला मानकरी नाही, प्रत्येक स्वार स्वतःसाठी आलेला असतो. वारीतले रिंगण सुचवायचा मोहही आवरा. रिंगणात माउलीचा अश्व स्वाराविना धावतो आणि तिथला भाव अगदी निराळा आहे.

दर्यावर्दी
पटले. आता लेखन आणि लिंग. स्पॅनिश ‘त’ आपल्या ‘त’सारखा दंत्य आहे, तेव्हा ‘काबाल्गाटा’ लिहू नये. इंग्रजीतून आलेले शब्द ‘ट’ने लिहायची सवय इथे आड येते. मुळात शब्द स्त्रीलिंगी आहे आणि आपल्या ‘जत्रा’, ‘यात्रा’ यांच्या पंगतीत सहज बसतो: काबाल्गाता, काबाल्गातेत, काबाल्गातेला. ‘फेरिया’चेही (म्हणजे जत्रा, उत्सव) तसेच, क्रिया–क्रियेत तसे फेरिया–फेरियेत. गोव्यातल्या वाचकाला हा शब्द परका वाटणार नाही, फेस्ताच्या वेळी भरते ती ‘फेरी’ पोर्तुगीज ‘फेइरा’वरून आली आणि फेइरा-फेरिया या सख्ख्या बहिणी. आपली फेरफटक्याची ‘फेरी’ मात्र वेगळी, ‘फिरणे’मधली.

उच्चारात आणखी एक गोष्ट. स्पॅनिशमधले J हे अक्षर पाहून आपण ‘ज’ लिहितो, पण कोलंबियात ते ‘ह’सारखे बोलले जाते: स्वार तो ‘हिनेते’, डोक्यावरची मोरकी ती ‘हाकिमा’. हे दोन्ही शब्द अरबीतून स्पॅनिशमध्ये गेले.

नालबंद
चालींबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात.

‘पासो’ म्हणजे पाऊल. ‘आल पासो’ म्हणजे साधी चाल, कुठलाही घोडा चालतो ती. ‘पासो फीनो’ ही मात्र जातिवंत कोलंबियन क्रियोयो, म्हणजे तिथल्या देशी, घोड्याची जन्मजात चाल आहे. मागचा उजवा, पुढचा उजवा, मागचा डावा, पुढचा डावा अशा क्रमाने चार खूर वेगवेगळे पडतात आणि चारही ठोक्यांमधले अंतर सारखे असते. पाऊल अगदी आखूड, पायांची हालचाल भराभर, पण घोडा पुढे थोडाच सरकतो. स्वार जवळजवळ हलत नाही. स्पर्धेत घोड्याला लाकडी फळ्यांच्या पट्टीवरून चालवतात ते यासाठीच: पंच डोळ्यांइतकेच कानांनी परीक्षण करतात.

‘त्रोते’ला बेधडक ‘दुडकी’ म्हणा. समोरासमोरचे कर्णातले दोन पाय एकदम पडतात, म्हणून ठोके दोनच. ‘त्रोचा’ या दोहोंच्या मधली: जोड्या कर्णातल्याच, पण जोडीतले दोन खूर किंचित मागेपुढे पडतात, त्यामुळे दुडकी फुटून चार ठोके ऐकू येतात. ‘त्रोचा’चा रोजचा अर्थ रानातली पायवाट, त्यामुळे ‘घोडा पायवाटेने आला’ असली भाषांतरे होतात. घोड्याविषयी बोलणे चालले असेल तर ती चाल आहे, वाट नव्हे. ‘गालोपे’साठी ‘चौखूर’ म्हणावेसे वाटेल, पण क्रियोयो घोड्याच्या वर्गात तो गोळा करून, आवरून धरलेला असतो. ‘आवरलेला गालोप’ लिहा. कोलंबियात या घोड्यांचे वर्ग चार: पासो फीनो, त्रोचा, त्रोचा व गालोपे, त्रोते व गालोपे. स्पर्धांचे नियम ‘फेदेकिनास’ हा राष्ट्रीय महासंघ ठरवतो.

शब्दार्थी
पासो फीनोला ‘रेवाल’ म्हटले तर?

नालबंद
जवळ जाते, पण तेच नव्हे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मारवाडी, काठियावाडी घोड्याची रेवाल चाल पारखतात. तीही एका बाजूच्या पायांची आणि स्वाराला न हिसडणारी, पण तिच्यात घोडा अंतर कापतो. पासो फीनोत तो जागच्या जागी ठोके मोजल्यासारखा चालतो. माझे मत: ‘पासो फीनो’ तसाच ठेवा आणि पहिल्या वेळी ‘रेवाल चालीची सख्खी, पण आखूड पावलांची’ एवढे लिहा. वाचकाला लगेच कळेल.

पागा
सामानाच्या शब्दांसाठी मात्र परकीय शब्द ठेवायचे काहीच कारण नाही. आपल्याकडे पेशवाईपासूनचा साठा आहे. मोंतुरा म्हणजे खोगीर, एस्त्रीबो रिकीब, सिंचा तंग, फ्रेनो कडियाळे, एर्रादुरा नाल. बातिकोला म्हणजे दुमची. डोंगरउतारावर खोगीर मानेकडे सरकू नये म्हणून ती शेपटीखालून घेतात. मेडेयीन, मानिसालेस या कोलंबियन शहरांचा सगळा मुलूख आंडीज पर्वताच्या उतारांवरचा आहे, म्हणून ती तिथे जास्त दिसते.

माणसांचे शब्द: पालाफ्रेनेरो म्हणजे मोतद्दार. ‘चालान’ स्पेनमध्ये घोड्यांचा दलाल, कोलंबियात मात्र घोडा घडवणारा कसलेला स्वार, म्हणजे आपला चाबूकस्वार. कोशातला पहिला अर्थ उचललात तर सन्मानाचा शब्द हेटाळणीचा होईल. ‘सामार्रोस’, म्हणजे विजारीवर चढवायची चामड्याची मोकळी आवरणे, यांना मराठी शब्द नाही. ‘चामडी पायआवरणे’ लिहून मोकळे व्हा. आणि ‘बेस्तिया’ला ‘पशू’ करू नका. खेडुतांच्या तोंडी घोड्याला, खेचराला तो मायेने म्हटलेला शब्द आहे, आपला घोडेवाला ‘जनावर चांगलं आहे’ म्हणतो तसा.

दर्यावर्दी
पाहायला जाणाऱ्यांसाठीच्या सूचनांत दोन शब्द हमखास फसवतात. ‘आंदेन’ स्पेनमध्ये रेल्वेचा फलाट, कोलंबियात पदपथ. ‘प्रेक्षकांनी आंदेनवर थांबावे’ याचा अर्थ स्टेशनात जा असा नाही. दुसरा ‘बिनोमियो’: घोडा आणि स्वार मिळून एक एकक. ‘500 बिनोमियो’ म्हणजे 500 घोडे आणि 500 स्वार, दोन-दोन घोड्यांच्या जोड्या नव्हेत.

नालबंद
प्रेक्षकांच्या सूचना लिहिताच आहात तर कारणही द्या. लोक कारण कळले की ऐकतात. घोड्याच्या मागून जाऊ नये, कारण थेट मागे त्याला दिसत नाही आणि दचकला की लाथ आधी येते. दोन घोड्यांच्या लांबीइतके, म्हणजे साधारण 5 मीटर अंतर राखावे. भोंगे आणि फटाके नकोत. रस्त्यावर दारू, पाणी सांडू नये: गुळगुळीत लोखंडी नाल ओल्या डांबरावर घसरतो, आणि घोडा पडला की स्वाराचा पाय बहुधा खाली सापडतो. वळणावर आणि उतारावर उभे राहू नये, घसरणे तिथेच जास्त.

घोड्याचे हाल ओळखण्याच्या खुणाही घाला. विसाव्याला नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. थांबून बराच वेळ झाला तरी ती 60च्या खाली येत नसेल तर घोडा थकला आहे. मानेची कातडी चिमटून सोडली आणि ती 2 सेकंदांत पूर्ववत झाली नाही तर पाणी कमी पडले आहे. उन्हात घाम थांबणे हे घाम येण्यापेक्षा वाईट. वारंवार पोटाकडे वळून पाहणे, खूर आपटणे म्हणजे पोटशूळ. तासन्‌तास डांबरावर ठोके बसले की खुराच्या आतला भाग सुजू शकतो. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आत हवे: 350 किलोच्या घोड्यावर 70 किलो.

पागा
याच कारणांवरून वाद पेटले. 2016च्या 1774 क्रमांकाच्या कायद्याने कोलंबियात प्राणी हे संवेदनशील जीव ठरले, आणि मेडेयीनच्या फुलांच्या फेरियेतून काबाल्गाता वगळली गेली. त्यामुळे पत्रिकेत ‘दरवर्षी निघते’ असे सरसकट लिहू नका, त्या वर्षीचा कार्यक्रम पाहायला सांगा. आणि घोड्याच्या वाहतुकीसाठी लागणाऱ्या ‘गीया’ला ‘मार्गदर्शक’ करू नका. इथे तो ‘इका’ या सरकारी कृषी संस्थेचा आरोग्य-वाहतूक परवाना आहे.

शब्दार्थी
मग पहिले वाक्य असे करतो: ‘फेरियेतील घोडेस्वारांच्या मिरवणुकीत, म्हणजे काबाल्गातेत, प्रेक्षकांनी पदपथावर उभे राहून घोड्यांच्या चाली पाहाव्यात.’

नालबंद
‘पाहाव्यात’च्या आधी ‘ऐकाव्यात आणि’ घाला.