मळीच्या टाकीला कोअॅक्सियल प्रोब नको

मळीच्या (साखर बनवताना उरणाऱ्या चिकट द्रवाच्या) टाकीतली पातळी रडारने मोजायला कोअॅक्सियल प्रोब, म्हणजे नळीच्या आत रॉड असलेला प्रोब घ्या, सिग्नल जोरकस मिळतो, असं एकाने सुचवलंय. सिग्नलचं खरं आहे, पण तो प्रोब डिझेलसारख्या स्वच्छ द्रवांसाठी. डिझेलचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (द्रव रडारची लहर किती परतवतो, ते यावर ठरतं) जेमतेम २, परावर्तन क्षीण, म्हणून तिथे त्याचा उपयोग. मळी त्या नळीत अडकून बसेल आणि टाकी उतरली तरी ट्रान्समीटर जुनीच पातळी दाखवत राहील. गाइडेड वेव्हच (प्रोबवरून लहर खाली सोडणारा रडार) हवा असेल तर एकेरी रॉड किंवा केबल घ्या. नोझल (टाकीच्या माथ्यावरची, प्रोब बसवायची नळी) उंच, अरुंद असेल तर वरच्या भागात खोटे प्रतिध्वनी येतात, तेही बघा. मी मात्र इतक्या चिकट मालाला आधी ८० गिगाहर्ट्झचा बिनस्पर्शी रडार तपासेन. प्रोबच नाही तर धुवायचं काय? फक्त फेसाने रडारचा सिग्नल दबू शकतो, म्हणून टाकीत फेस किती येतो, तेवढं कळवा.