फॉरमॅट मारणं म्हणजे निदान नव्हे

कराडचा_मामा
काल पल्लवीताईंनी विचारलं होतं की घरचा डेस्कटॉप दिवसातून तीन-चार वेळा अडकतो, काय करावं. त्यावर स्क्रूड्रायव्हर_नाशिक यांचं उत्तर: "फॉरमॅट मारा. तरी अडकला तर भंगारात द्या. कारण शोधत बसायला वेळ कोणाला आहे?" खाली लोकांनी माना डोलावलेल्या. मला हे सहन झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या बहिणीचा पीसी एका वर्षात तीनदा फॉरमॅट झाला. दर वेळी पाचशे रुपये गेले आणि दर वेळी तो महिना-दीड महिना बरा चालला. दिवाळीत मी गेलो, डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून बघितलं. पिवळा इशारा, करंट पेंडिंग सेक्टर (डिस्कला वाचता न येणारे छोटे तुकडे) ४८. हार्ड डिस्क मरायला टेकली होती. मग फॉरमॅटनंतर बरं का वाटायचं? वाचता न येणाऱ्या सेक्टरवर डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते आणि तेवढा वेळ विंडोज खोळंबून बसतं. आपण त्याला हँग म्हणतो. नव्याने विंडोज टाकताना त्या जागेवर पुन्हा लिहिलं गेलं, तर डिस्क तो सेक्टर बाद करून राखीव जागा वापरते. नाहीतर विंडोज दुसऱ्याच जागेवर जाऊन बसतं. ताप उतरतो, आजार तिथेच. तिसऱ्या वेळी दुकानातल्या मुलाने न विचारता सगळी पार्टिशनं उडवली. भाच्याचे पहिल्या दोन वर्षांचे फोटो त्यात होते. ते आजतागायत मिळालेले नाहीत.

पल्लवीताई, अडकतो म्हणजे कसा अडकतो ते आधी बघा. माउस हलतोय, पण काहीच उघडत नाही आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा सतत पेटलेला, तर संशय डिस्कवर. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर टेकलेली दिसेल. माउसही थिजला, आवाज 'टर्रर्र' करत एकाच जागी अडकला, तर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर विंडोज अजून जिवंत आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. दिवा ढिम्म असेल तर रॅम, वीजपुरवठा, तापमान, बोर्ड इकडे बघा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ दिसला की लोक घाबरतात. त्याचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. डिस्कच्या नावाने ७ किंवा १५३ नंबरच्या नोंदी असतील तर मात्र आजच बॅकअप घ्या. बाकी सगळं उद्या.

स्क्रूड्रायव्हर_नाशिक
मामा, तुमच्या भाच्याच्या फोटोंचं वाईट वाटलं, मनापासून सांगतो. न विचारता पार्टिशन उडवणारा माणूस माझ्या दुकानात एक दिवस टिकणार नाही. पण त्याचा राग माझ्यावर काढू नका.

चौदा वर्षं दुकान चालवतोय. गिऱ्हाईक सकाळी अकराला कॅबिनेट आणून टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, "संध्याकाळी पाहिजे, मुलाचं प्रोजेक्ट आहे." रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टला रात्र जाते. ती रात्र माझी, लाइट माझी, टेबल माझं. सकाळी मी सांगितलं की रॅम चांगली आहे, आता एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) बदलून बघू, तर उत्तर येतं, "म्हणजे अजून काहीच केलं नाही का? मग पैसे कशाचे?" डॉक्टर नुसतं तपासून पाचशे घेतो, ते लोक हसत देतात. मी तपासून दोनशे मागितले की मी चोर. पाचशेत फॉरमॅट मारला की गिऱ्हाईक खूश. ही सवय आम्ही लावली की तुम्ही?

आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मशीनना खरंच सॉफ्टवेअरचाच आजार असतो. क्रॅक केलेलं विंडोज, एकावर एक टाकलेले दोन अँटिव्हायरस, चार जीबी रॅम आणि क्रोममध्ये तीस टॅब. तिथे दोन तास कारण शोधण्यात काय अर्थ आहे?

जुळारी
अर्थ मी सांगते. माझं लग्नपत्रिका आणि अहवालांचं डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवायचं काम आहे, पंचवीस वर्षांचं. जुन्या फायली सगळ्या युनिकोडच्या आधीच्या फाँटमधल्या. तो फाँट मशीनवर नसेल तर तीच फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसतो. २०१६ मध्ये असाच एकाने "दोन तासांत नवं करून देतो" म्हणत फॉरमॅट मारला. माय डॉक्युमेंट्सचा बॅकअप त्याने घेतला होता, अगदी प्रामाणिकपणे. पण फाँटचं फोल्डर नाही, कीबोर्डची मांडणी नाही, माझ्या हाताने बनवलेली जोडाक्षरांची यादी नाही. ऐन मे महिन्यात, लग्नसराईत, अकरा दिवस मी हातावर हात ठेवून बसले.

फॉरमॅट मारणाऱ्याला वाटतं की फायली म्हणजेच काम. आमचं अर्धं काम मशीनच्या मांडणीत असतं, हे मराठीत टाइप करणाऱ्याशिवाय कोणाला कळत नाही.

खांबावरचा
तुम्ही सगळे फांद्या छाटताय, मुळाशी कोणी जात नाही. मी तेहतीस वर्षं विजेच्या लाइनवर काढली. पहिला प्रश्न मी एकच विचारतो: अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही. घरोघरी हेच. तिसरी पिन मोडून टाकलेली, नाहीतर थ्री-पिनला टू-पिनचा ठोकळा लावलेला. बोर्डाच्या आत अर्थची हिरवी वायर मोकळी सोडून दिलेली. अशा घरात पीसी हँग नाही होणार तर काय होणार?

शून्य_अंश
काका, तुमच्या अनुभवाचा मान राखून सांगतो, हे चूक आहे. मी भौतिकशास्त्र शिकवतो. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमध्ये दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर पत्रा त्या दोघांच्या मधोमध तरंगतो, म्हणून २३० च्या निम्मे, साधारण ११५ व्होल्ट मीटरवर दिसतात. प्रवाह अगदी नगण्य, म्हणून फक्त झिणझिण्या. आतल्या बोर्डाला लागणारे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पत्र्याच्या सापेक्षच मोजले जातात, ते जागच्या जागी राहतात. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपला कुठे असतं अर्थिंग? तो हँग होतो का?

खांबावरचा
पुस्तकातला पत्रा तरंगत असेल. मी शॉक लागून गेलेला माणूस खाली उतरवला आहे. अर्थिंगला "नगण्य" म्हणणारा मास्तर वर्गात मुलांना काय शिकवत असेल, याची काळजी वाटते.

शून्य_अंश
मी अर्थिंगला नगण्य म्हटलं नाही, प्रवाहाला म्हटलं. वाचा नीट. अर्थिंग माणसाच्या जिवासाठी हवंच, आजच्या आज हवं. पण "अर्थिंग केलं की हँग थांबेल" असं सांगितलं की माणूस दोन हजार खर्चून अर्थिंग करतो, डिस्क तशीच राहते आणि सहा महिन्यांनी फोटो जातात. चुकीच्या कारणाने केलेलं बरोबर काम असं अंगावर येतं.

स्क्रूड्रायव्हर_नाशिक
मास्तर, इथे मी काकांच्या बाजूने आहे. सिडकोतल्या एका गिऱ्हाइकाचा पीसी माझ्या टेबलावर चार दिवस अखंड चालला. घरी नेला की तासाभरात बंद. तीन फेऱ्या झाल्या. शेवटी मी घरी गेलो. बोर्डात न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता, मिक्सर लावला की ट्यूब लुकलुकायची. स्क्रू आवळला, प्रश्न संपला.

शून्य_अंश
तो न्यूट्रल होता, अर्थ नव्हे. आणि तुम्हीच लिहिलंत, "बंद". अडकणं आणि बंद पडणं वेगळं. वीज क्षणभर गेली तर चांगला एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, त्यापुढे मशीन बंद पडतं किंवा रिस्टार्ट होतं. चित्र थिजून तसंच राहत नाही.

खांबावरचा
ढिला न्यूट्रल मीही म्हणणारच होतो. आणि एक राहिलं. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला वायरने जोडून देणारे महाभाग आहेत. मीटरवर सगळं छान दिसतं. ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी तुमच्या कॅबिनेटच्या पत्र्यावर पूर्ण फेज येईल. हे कोणी केलं असेल तर आत्ता मेन बंद करा आणि काढा. हँगचं काय ते नंतर बघा.

शून्य_अंश
या शब्दाला माझी शंभर टक्के सही.

घरपोच_नवीन
सगळे इतकं भांडताय, पण दहा वर्षांच्या मशीनसाठी कशाला? विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. त्याआधीचा पीसी दुरुस्त करून करणार काय? मी आई-वडिलांना नवा छोटा पीसी घेऊन दिला, फोनवरचे तासन्‌तास वाचले. माझ्या वेळेलाही किंमत आहे.

जुळारी
तुम्हाला परवडलं, आनंद आहे. माझं मशीन नेटला जोडलेलंच नाही. ते विंडोज ७ वर आहे, कारण माझं जुनं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही. "नवीन घ्या" ऐकून माझे कान किटले.

कराडचा_मामा
घरपोच_नवीन, नेट बँकिंग करणाऱ्या घरासाठी तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागतंय, मनात नसलं तरी. पण निदान तरीही हवं. बहिणीकडे सव्वादोन हजारांची २४० जीबी एसएसडी बसवली आणि ते मशीन आज तीन वर्षं चालतंय. कारण कळलं नसतं तर तीसेक हजारांचा नवा पीसी आला असता आणि मरणारी डिस्क "डेटासाठी" त्यात लावली गेली असती. तो नवाही अडकला असता.

आणि स्क्रूड्रायव्हरभाऊ, तपासणीच्या पैशांचं तुमचं बरोबर आहे. मी स्वतः कधी नुसत्या तपासणीचे पैसे दिलेले नाहीत. हा विचार केला नव्हता.

स्क्रूड्रायव्हर_नाशिक
बरं झालं बोललात. मीही "भंगारात द्या" हे घाईत लिहिलं. पण फॉरमॅटचं मी मागे घेणार नाही. फोटो, फाँट, सगळं दुसऱ्या डिस्कवर घेतलं, डिस्कची स्मार्ट नोंद (मामांनी बघितली तीच तब्येतीची नोंद) बघितली, तर फॉरमॅट हा शोधाचाच भाग आहे. ताज्या विंडोजवरही अडकला म्हणजे हार्डवेअर, हे पक्कं.

शून्य_अंश
त्यासाठी फॉरमॅट कशाला? पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करा आणि दोन तास वापरा. तिथेही थिजला तर हार्डवेअर. तुमच्या डेटाला बोटही लागत नाही.

स्क्रूड्रायव्हर_नाशिक
दुकानात करतो मी ते. घरी बसून पेन ड्राइव्हवरून बूट करायला पल्लवीताईंना कोण शिकवणार, तुम्ही?

पल्लवी_ठाणे
मीच शिकले. दोन दिवस सगळं वाचत होते, आता लिहिते. माउससकट सगळं थिजतं, आवाज टर्रर्र, कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म. डिस्कची नोंद निळी, "गुड". तापमान व्हिडिओ चालू असताना ६२ अंश. पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवरही पाऊण तासात थिजला, म्हणून रात्रभर मेमटेस्ट लावला. सकाळी लाल ओळींनी पडदा भरलेला. आठ-आठ जीबीच्या दोन रॅम आहेत. एक काढली, दीड दिवस एकदाही अडकला नाही.

काका, झिणझिण्या येत होत्या. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. बोर्डामागे अर्थची वायर टेप गुंडाळून सोडून दिली होती, ती जोडली. त्यानंतर, रॅम काढण्याआधी, पीसी दोनदा थिजला. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या, पण वेगवेगळ्या.

खांबावरचा
वायर जोडली, मला तेवढं पुरे. घरात लहान मूल असेल तर आणखी पुरे.

कराडचा_मामा
पल्लवीताई, थांबा, ती रॅम टाकू नका अजून. कदाचित ती चांगली असेल आणि स्लॉट खराब असेल. काढलेली रॅम एकटीच घ्या, सोनेरी पट्टीवरून खोडरबर हलकेच फिरवा, चालणाऱ्या रॅमच्या स्लॉटमध्ये लावा आणि पुन्हा मेमटेस्ट. एका वेळी एकच बदल करा.

स्क्रूड्रायव्हर_नाशिक
खोडरबरचे कण स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका, बाहेरच झटका. स्लॉटही कोरड्या ब्रशने साफ करा. आणि रॅम काढण्याआधी पॉवर केबल भिंतीतून काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, बोर्डात साठलेला करंट उतरतो. दुकानात हे मी कोणाला फुकट सांगत नाही.

पल्लवी_ठाणे
केलं. तीच "खराब" रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटी लावली आहे. मेमटेस्टचा पहिला फेरा पूर्ण, चूक शून्य. दुसरा चालू आहे. म्हणजे स्लॉटच गेला का?

शून्य_अंश
चार फेरे होऊ द्या, मग बोलू. शून्य राहिलं तर चांगली रॅम संशयित स्लॉटमध्ये लावून बघा. तिथे लाल ओळी आल्या की स्लॉट.

स्क्रूड्रायव्हर_नाशिक
स्लॉट असला तर मदरबोर्ड बदलू नका. एकाच स्लॉटमध्ये सोळा जीबीची एक रॅम चालेल, आधी बोर्ड किती घेतो ते बघा. उद्या सकाळी इथेच कळवा, मी दुकान उघडायच्या आधी वाचतो.